ओपलचा खडा आणि बोरमाळेचा मणी

मंडळी, आज मुरूडमध्ये बसून आपण सुरुवात करणार आहोत लंडनच्या एका दागिन्यापासून. चांदीचा, बेताच्या किमतीचा, मधोमध ओपलचा एक खडा. असे दागिने आज संग्रहालयांत काचेआड आहेत. आपल्या कोळीवाड्यातल्या पणजीची बोरमाळ मात्र कुठेच नाही. असं का झालं?

१८८८ साली सी. आर. अ‍ॅशबी यांनी लंडनमध्ये ‘गिल्ड ऑफ हँडिक्राफ्ट’ काढलं. बर्मिंगहॅमचे कारखाने ठशावर एकसारखे दागिने पाडत होते, त्याचा या मंडळींना वीट आला होता. त्यांनी चांदीवरचे हातोडीचे घाव मुद्दाम तसेच ठेवले. ओपल त्यांना का आवडला? हिऱ्यासारखे पैलू त्याला शोभत नाहीत. घुमटासारखा गोल घासला की रंग खेळतात. दगड मऊ, पोटात पाणी धरून असलेला, फार तापला तर तडकतो. शिवाय एकासारखा दुसरा नसतो, म्हणून कोंदण ज्या त्या खड्याच्या मापानं करायचं. मोल दगडापेक्षा हाताचं.

या विचाराला हिंदुस्थानातून खतपाणी मिळालं. जॉर्ज बर्डवुड १८३२ साली आपल्या बेळगावात जन्मले, मुंबईत राहिले, आणि १८८० च्या ग्रंथात त्यांनी इथल्या गावकारागिराचं भरभरून कौतुक केलं. आमच्या मते ते चित्र जरा गुळगुळीतच आहे. त्यांना कारागिराचा हात दिसला, त्याचा हिशेब दिसला नाही.

हिशेब असा. बोरमाळेचा मणी म्हणजे आत लाख, वर सोन्याचा पातळ पत्रा. कसब सगळं त्या पत्र्यात! पण दागिना मोडायला नेला की लाख वजा, घडणावळ बुडाली, उरतं फक्त सोन्याचं वजन. लग्न निघालं, होडी दुरुस्तीला आली, की घाट मुशीत गेलाच. ज्याच्यावर अडीनडीला घर चालतं ते जपून ठेवणार तरी कसं? बाईंना दोष देऊ नका.

त्यात जानेवारी १९६३. सुवर्णनियंत्रण आलं, चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. कित्येक सोनारांचे हात रिकामे झाले, काहींनी जीव दिला. १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा रद्द व्हायला १९९० उजाडलं. तोवर पुष्कळ घरांतली मुलं दुसऱ्या धंद्याला लागली होती.

अ‍ॅशबींचं गिल्ड तरी कुठे टिकलं? लिबर्टीच्या दुकानात तसाच दिसणारा, यंत्राची मदत घेतलेला माल स्वस्तात मिळू लागला आणि १९०८ च्या सुमारास गिल्ड गुंडाळलं गेलं. पण त्यांचा माल चांदीचा. मोडून येणार किती? म्हणून तो राहिला, हो.