शौरीतला जोडतारा आणि मोजणाऱ्यांची परंपरा

शौरी तारकासमूहातला झीटा हा तारा नुसत्या डोळ्यांना एकटा दिसतो. प्रत्यक्षात सुमारे ३५ प्रकाशवर्षांवरचे ते दोन तारे आहेत आणि साधारण साडेचौतीस वर्षांत ते एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करतात. त्यांतला थोरला पिवळा उपराक्षसी आहे, म्हणजे गाभ्यातला हायड्रोजन संपवून फुगू लागलेला तारा. धाकटा सूर्याहून किंचित थंड आहे. खगोलशास्त्राचा इतिहास आपण शोधांच्या तारखांनी सांगतो. या जोडीचा इतिहास मात्र वेगळी गोष्ट दाखवतो. तारे पाहणाऱ्यांइतकेच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, हे ज्ञान पुन्हा पुन्हा मोजत राहणाऱ्यांनी घडवले आहे.

विल्यम हर्शेलने १७८२ मध्ये ही जोडी नोंदवली, तेव्हा तो युग्मतारे शोधत होता ते वेगळ्याच हेतूने. जवळच्या ताऱ्याचा पराशय, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्याने दिसणारे त्याचे किंचित सरकणे, दूरच्या शेजाऱ्याच्या आधाराने मोजता येईल, अशी त्याची आशा होती. १८०३ च्या निबंधात त्याने जुन्या-नव्या मोजण्या शेजारी मांडल्या आणि काही जोड्यांतले तारे परस्परांभोवती फिरतात हा निष्कर्ष काढला. झीटाचा सोबती त्याला आता दिसत नव्हता. एका ताऱ्याने दुसऱ्याला झाकले, असे त्याला वाटले. हा अर्थ चुकीचा होता. हे तारे सर्वांत जवळ असतात तेव्हाही आपल्याला त्यांच्यात सुमारे अर्ध्या विकलेचे अंतर दिसायला हवे. इतक्या जवळ आलेले ते तारे त्याच्या दुर्बिणीला वेगळे करता आले नाहीत. पण ‘दिसला नाही’ ही नोंद प्रामाणिक होती, म्हणून अर्थ बदलला तरी ती टिकली.

यावर कोणी म्हणेल की जॉन मिशेलने १७६७ मध्येच, एकही जोडी मोजत न बसता, संभाव्यतेच्या गणिताने सांगितले होते की इतके तारे योगायोगाने जवळजवळ येणे शक्य नाही. ते खरेच आहे, आणि तो युक्तिवाद अप्रतिम आहे. पण तो समूहाबद्दल बोलतो. अमुक एक जोडी बांधलेली आहे का, किती काळात फिरते, कोणत्या नियमाने फिरते, याचे उत्तर त्यात नाही. दुसरा आक्षेप दुर्बिणींचा. डोर्पाटमध्ये युग्मतारे मोजणाऱ्या विल्हेल्म स्ट्रूव्हला फ्राउनहोफरची उत्तम दुर्बीण मिळाली नसती, तर त्याचे काम इतके अचूक झाले नसते, हे मान्य करायलाच हवे. तरीही दुर्बीण एका रात्रीची स्थिती दाखवते. कक्षेचा आकार उमटायला वर्षे जावी लागतात, आणि ती वर्षे भरून काढतात मोजणारी माणसे. १८२७ मध्ये साव्हारी या खगोलज्ञाने सप्तर्षीतल्या क्साय या ताऱ्याची कक्षा काढून तिथेही गुरुत्वाकर्षणाचा नियम लागू पडतो हे दाखवले, तेही साचलेल्या मोजण्यांच्याच बळावर.

ही परंपरा युरोपच्या मोठ्या वेधशाळांपुरती राहिली नाही. बॉम्बे इंजिनियर्समधल्या विल्यम स्टीफन जेकबने १८४० च्या दशकात पुण्यात खाजगी वेधशाळा उभारली आणि तिथून निरीक्षण केलेल्या २४४ युग्मताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. पुढे तो मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला. १८६२ मध्ये नव्या वेधशाळेच्या योजनेसाठी तो पुन्हा पुण्याला आला आणि आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याने सुरू केलेले काम पूर्ण होणे एका आयुष्यात शक्यच नव्हते.

आज वर्णपटावरून ताऱ्याबद्दल पुष्कळ कळते, मग या कंटाळवाण्या मोजण्यांची गरज काय, हा तिसरा आक्षेप. वर्णपट तापमान सांगतो, घटक सांगतो. पण वस्तुमानाचा सर्वांत भरवशाचा पुरावा कक्षाच देते. झीटाचा थोरला तारा सूर्याच्या सुमारे दीडपट वस्तुमानाचा आणि अडीचपट त्रिज्येचा आहे. यातला पहिला आकडा कक्षेने दिला, आणि तो हाती असल्यामुळेच तारा म्हातारा कसा होतो याचे आपले सिद्धांत या ताऱ्यावर तपासता येतात. १७८२ पासून या जोडीच्या सुमारे सात फेऱ्या झाल्या. एवढा काळ कोणत्याही एका निरीक्षकाला मिळत नाही. म्हणूनच, ज्याचे फळ आपल्या हयातीत दिसणार नाही अशा नोंदी सांभाळणाऱ्या वेधशाळेला शोध लावणाऱ्या वेधशाळेइतकाच मान आणि पैसा मिळायला हवा.