वेगाचा वर्ग आला कुठून?

नववीच्या विज्ञानात गतिज ऊर्जेचं सूत्र येतं: अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. मुलं ते पाठ करतात, गणितं सोडवतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. वर्गच का, नुसता वेग का नाही, हे विचारायला कुणाला सवड नसते. या एका वर्गापायी युरोपातल्या विद्वानांनी पन्नासहून अधिक वर्षं एकमेकांशी वाद घातला. त्यात आकाशाचा अभ्यास करणारे बरेच होते.

सतराव्या शतकात देकार्तचा शब्द प्रमाण मानला जाई. वस्तूचा आकार गुणिले वेग म्हणजे तिची गती आणि विश्वातली एकूण गती कायम राहते, असं त्याचं म्हणणं. दिशा मात्र त्याने हिशेबात धरली नव्हती. त्यामुळे टकरींचे त्याचे बहुतेक नियम चुकले.

ते दुरुस्त केले ख्रिस्तियान हायगेन्सने. १६५५ मध्ये शनीचा चंद्र टायटन शोधणारा आणि पुढच्याच वर्षी लंबकाचं घड्याळ घडवणारा हाच तो डच शास्त्रज्ञ. त्याची युक्ती अशी: संथ वाहत्या नावेत एक माणूस उभा आहे. दोन्ही हातांत दोऱ्यांना टांगलेले दोन सारखे गोळे आहेत. तो ते सारख्याच वेगाने एकमेकांवर आपटतो आणि गोळे तितक्याच वेगाने मागे उसळतात. आता हेच काठावरून पाहा. नावेचा वेगही तेवढाच असेल, तर काठावरच्याला एक गोळा जागच्या जागी थांबलेला दिसतो आणि दुसरा दुप्पट वेगाने त्याच्यावर येतो. टक्कर होताच येणारा थांबतो आणि थांबलेला निघतो. कॅरममध्ये एक सोंगटी दुसऱ्या सोंगटीवर नेमकी समोरून बसली की असंच काहीसं दिसतं. टक्कर एकच, फक्त बघणारे दोन. एवढ्या विचारातून हायगेन्सने टकरींचे नियम बसवले. कठीण गोळ्यांच्या टकरीत वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग यांची बेरीज टकरीआधी आणि टकरीनंतर तीच राहते, हे त्याने १६६९ मध्ये प्रसिद्ध केलं. आपला वर्ग पहिल्यांदा ठळकपणे दिसतो तो इथे.

१६८६ मध्ये लायब्निट्झने देकार्तविरुद्ध उघड दंड थोपटले. एक शेर वजन चार हात उचला किंवा चार शेर वजन एक हात उचला, मेहनत तेवढीच. पण गॅलिलिओच्या नियमानुसार चार हातांवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग एका हातावरून पडणारीच्या दुप्पट भरतो. वजन गुणिले वेग केलं तर एकीकडे दोन येतात, दुसरीकडे चार. वेगाचा वर्ग घेतला की दोन्हीकडे चार. या राशीला त्याने पुढे ‘जिवंत बल’ म्हटलं. न्यूटनच्या पक्षाने ते मानलं नाही.

मग माती कामी आली. पादुआत खगोलशास्त्र शिकवलेला पोलेनी आणि लायडनमध्ये गणित व खगोलशास्त्राचा प्राध्यापक असलेला विलेम ग्रावेसांडे यांनी मऊ पदार्थावर गोळे टाकून पाहिले. ग्रावेसांडे तर न्यूटनचा कट्टर पुरस्कर्ता. त्याने एकाच आकाराचे, पण वेगवेगळ्या वजनांचे पितळी गोळे घेतले आणि ओल्या मातीवर सोडले. दुप्पट वजनाचा गोळा अर्ध्या उंचीवरून पडला की खड्डा अगदी तेवढाच पडे. उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे लायब्निट्झचा हिशेब खरा ठरला. आणि १७२२ मध्ये ग्रावेसांडेने आपलं मत जाहीरपणे बदललं. या साऱ्या कहाणीत मला सर्वांत मोठी वाटते ती ही गोष्ट. ज्याचा झेंडा आयुष्यभर मिरवला त्याच्या पक्षाविरुद्ध मातीतला खड्डा साक्ष देतो आणि माणूस ती साक्ष मान्य करतो!

फ्रान्समध्ये हे प्रयोग पुढे मांडले एमिली द्यू शातलेने, १७४०च्या आपल्या ग्रंथात. पॅरिसच्या विज्ञान अकादमीचा सचिव मेराँ याने तिच्यावर टीका केली, तिने छापील उत्तर देऊन ती परतवली. हीच बाई पुढे न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ फ्रेंचमध्ये आणते. १७४९ मध्ये बाळंतपणानंतर काही दिवसांतच ती गेली. संपूर्ण भाषांतर छापून आलं १७५९ मध्ये, हॅलेचा धूमकेतू परतला त्याच वर्षी.

वाद हळूहळू निवळला, कारण दोन्ही राशी खऱ्या होत्या. बल किती वेळ लागलं हे मोजलं की संवेग मिळतो, किती अंतरभर लागलं हे मोजलं की ऊर्जा. सूत्रातला अर्धा मात्र यंत्रांच्या हिशेबातून आला. यंत्र किती काम करतं याचा मेळ बसवताना कोरिओलिसने १८२९ मध्ये तो रूढ केला.

शिक्षकांना एक विनंती. गणपतीच्या दिवसांत शाडू माती सहज मिळते. ती मऊ मळून थापा आणि बेअरिंगचा एक मोठा छर्रा आधी एका फुटावरून, मग चार फुटांवरून सोडा. दुसऱ्या खेपेला वेग दुप्पट असतो. ड्रॉपरने दोन्ही खड्डे पाण्याने भरा आणि थेंब मुलांनाच मोजू द्या. सूत्र फळ्यावर त्यानंतर लिहा.