सत्तर पानांचा पुडका

मे महिन्यात धानोऱ्याकडच्या तेंदूफळीवर, म्हणजे तेंदूची पानं मोजून घेण्याच्या जागी, बाबा दिवस कलल्यावर वही घेऊन बसत. एका पुडक्यात ७० पानं, १००० पुडक्यांची एक स्टँडर्ड बॅग. कुणी बाई ४० पुडके आणायची, कुणाचं अख्खं घर मिळून २००. मजुरी शेकड्याच्या हिशोबाने, म्हणून थोडे आणणारीलाही भाव तोच. ठेकेदार मात्र हंगामाआधीच बॅगेच्या दराने बांधलेला. १९६९ च्या कायद्याने हा व्यापार सरकारकडे गेला, २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर कितीतरी ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या; माप तेच राहिलं.

मी पुण्यात क्लाउडची बिलं तपासतो. तिथे असं माप यायला आठ वर्षं लागली.

अ‍ॅमेझॉनने २००९ च्या मार्चमध्ये आगाऊ नोंदणी आणली: एक किंवा तीन वर्षांची हमी द्या, तासाचा दर उतरतो. पण हमी मशीनच्या एकाच आकाराला बांधलेली. २०१२ साली मी एका लहान कंपनीत होतो, आमची मशीनं सिंगापूरला. तीन वर्षांसाठी 'लार्ज' घेतली आणि सहा महिन्यांत काम वाढून 'एक्स्ट्रा लार्ज' लागली. नवीचे पैसे पूर्ण दराने, जुनीचे हमीपोटी. त्या महिन्याचं बिल मालकांपुढे ठेवताना माझा हात जड झाला होता. २०१३ पासून अर्ज करून आकार बदलता येऊ लागला, तरी दर बदलाला नवा अर्ज आलाच.

२०१७ च्या मार्चमध्ये पुडका सापडला. 'स्मॉल' म्हणजे १, 'मीडियम' २, 'लार्ज' ४, 'एक्स्ट्रा लार्ज' ८. आता एका 'एक्स्ट्रा लार्ज'ची हमी दोन 'लार्ज'वर आपोआप बसते. त्याच हमीवर १६ मापाचं मशीन चालवलं तर निम्म्या भागाला सवलत, उरलेलं पूर्ण दराने. वाटप लहान मशीनपासून सुरू होतं. मशीनचं कुटुंब मात्र एकच हवं, प्रदेशही एकच, आणि हमी त्या अख्ख्या प्रदेशासाठी घेतलेली. मुंबईची सवलत सिंगापूरला चालत नाही. लिनक्सला हे लागू, विंडोजला नाही.

न वापरलेला तास पुढे जमा होत नाही, हे मी प्रत्येक ग्राहकाला पहिल्याच भेटीत सांगतो. फळीवर वाळत घातलेल्या पुडक्यांवर अवकाळी पाऊस पडला की बाबा रात्रभर जागे असत. मी रात्री तीनचा वापर बघतो, सगळ्यात कमी असतो तेव्हाचा, त्याची मापं मोजतो आणि तेवढ्याचीच हमी घ्यायला लावतो.