त्रयस्थ लायब्ररींची निवड (मुक्त स्रोत नेटवर्क सॉफ्टवेअर)

त्रयस्थ लायब्ररी म्हणजे सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांनी स्वतः न लिहिता अन्य गटाकडून तयार स्वरूपात घेतलेला आज्ञावलींचा संच होय. (‘ग्रंथालय’ हा प्रतिशब्द येथे दिशाभूल करतो.) नेटवर्कवर चालणाऱ्या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये माहितीचे कूटलेखन व संक्षेपण ही कामे बहुधा अशा लायब्ररींवर सोपवली जातात. कूटलेखनाची आज्ञावली स्वतः रचणे सहसा धोक्याचे ठरते. त्यामुळे कोणावर विसंबावे, हाच खरा प्रश्न उरतो.

देखभाल

लोकप्रियता हा विश्वासार्हतेचा पुरावा नव्हे. ओपनएसएसएल या सर्वदूर वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीच्या मार्च २०१२ मधील १.०.१ या आवृत्तीत शिरलेला ‘हार्टब्लीड’ हा दोष ७ एप्रिल २०१४ रोजी उघड झाला. त्यामुळे परक्या संगणकाला सर्व्हरच्या स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर एका वेळी वाचता येत असे. त्यात पासवर्ड आणि गुप्त किल्ल्याही सापडू शकत. त्या काळी या लायब्ररीसाठी पूर्णवेळ काम करणारी व्यक्ती एकच होती आणि देणग्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर मिळत. दोष उघड झाल्यावर लिनक्स फाउंडेशनने निधी उभारला, तर ओपनबीएसडीच्या विकासकांनी लिब्रेएसएसएल ही स्वतंत्र शाखा काढली.

अप्रत्यक्ष अवलंबन

निवडलेली लायब्ररी पुढे आणखी कोणत्या लायब्ररींवर विसंबते, हे पाहणे तितकेच आवश्यक असते. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या संक्षेपण-संचाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर ठेवलेले चोरदार उजेडात आणले. ओपनएसएसएच हे दूरस्थ प्रवेशाचे सॉफ्टवेअर मुळात एक्सझेड वापरत नाही. परंतु काही लिनक्स वितरणांनी त्याला सिस्टमडीची लायब्ररी जोडली होती आणि तिच्यामार्फत हा धोका आत आला. चोरदार कार्यान्वित करणारा एक दुवा केवळ प्रसृत केलेल्या संकुलात होता, सार्वजनिक भांडारात नव्हता. म्हणून संकुल व भांडार यांचा मेळ तपासणे हा निवडीचा एक निकष मानला जातो. देखभाल करणाऱ्यांची संख्या, सुरक्षा-दुरुस्तीस लागणारा वेळ आणि जुन्या आवृत्त्यांना मिळणारा आधार हेही पाहिले जाते.

परवाना आणि पर्याय

ओपनएसएसएलचा जुना परवाना जीपीएलशी विसंगत होता. २०२१ मधील ३.० आवृत्तीपासून तेथे अपाचे २.० परवाना लागू आहे. कर्ल हे सॉफ्टवेअर कूटलेखनासाठी अनेक लायब्ररींपैकी कोणत्याही एकीसह बांधता येते. ही दूरदृष्टी अनुकरणीय आहे.

भारतातील नियम

मुंबईस्थित सेबीने २० ऑगस्ट २०२४ च्या सायबरसुरक्षा परिपत्रकाद्वारे नियंत्रित संस्थांना महत्त्वाच्या सॉफ्टवेअरमधील घटकांची सूची (एसबॉम) ठेवण्यास सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने अशा सूचीविषयी तांत्रिक मार्गदर्शिका काढली. एखाद्या लायब्ररीत दोष सापडल्यास तो आपल्या कोणत्या सॉफ्टवेअरला बाधतो, हे सूचीवरून शोधता येते. मात्र त्यासाठी अप्रत्यक्ष घटकांचीही नोंद असावी लागते.