दंडावरची लस

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. बगदाद-बसरामार्गे आलेली ही लस उष्णतेत टिकत नसे; म्हणून मुलांचे दंडच तिची शीतपेटी झाले. एकाच्या फोडातला द्रव काढायचा, दुसऱ्याला टोचायचा. त्या मुलांना विचारले कोणी? नाव उरले ते ॲनाचे.

१९६०च्या दशकात बेंजामिन रुबिन यांची दुभंगी सुई आली. टोकांमध्ये थेंब धरायचा, कातडीत पंधरा वेळा टोचायचे.

आता गांबियात गोवर-रुबेलाची लस विरघळणाऱ्या सूक्ष्मसुयांच्या पट्टीतून बाळांना देऊन पाहिली. निष्कर्ष २०२४मध्ये प्रसिद्ध झाले. पुन्हा कातडीच, आणि अडचणही जुनीच : ऊन.