कुत्र्याचे केस गळतात की कातडीला ॲलर्जी? घरगुती उपाय कुठवर चालतात, दवाखाना कधी गाठायचा

उज्जैन : होळी मागे पडून माळव्यात ऊन तापायला लागलं की कुत्रा पाळणाऱ्या घरांत एक ठरलेला वाद सुरू होतो. सोफ्यावर केस, चादरीवर केस, कधी तर थेट वरणाच्या वाटीत केस. घरातला एक जण म्हणतो, याला काहीतरी झालंय. दुसरा म्हणतो, गरमीमुळे गळतात. मग शेजारीपाजारी कडुलिंब सुचवतात, कोणी खोबरेल, कोणी हळद. यातले काही उपाय खरंच कामाचे आहेत, काही निरुपयोगी, आणि काही चक्क जीवघेणे.

उपाय निवडण्याआधी एकच गोष्ट तपासायची असते. नुसते केस गळतायत, की कातडी आजारी आहे? गळणाऱ्या केसांना बहुतेक वेळा घरची काळजी पुरते. आजारी कातडीला ती साथ देते, पण एकटी पुरत नाही.

केस गळणं हा आजार नव्हे

कुत्र्याचा प्रत्येक केस वाढतो, थांबतो आणि गळून नव्याला जागा देतो. हे चक्र तापमानापेक्षाही दिवसाच्या लांबीवर जास्त चालतं. उज्जैन कर्कवृत्ताच्या अगदी जवळ आहे, म्हणून तर इथे वेधशाळा उभी राहिली. इथला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत पावणेतीन तासांच्या आसपास फरक पडतो. अंगणात राहणारा कुत्रा हा फरक ओळखतो आणि वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळा सरताना, केसांचा कोट बदलतो. दिवसभर घरात, रात्री उशिरापर्यंत ट्यूबलाइटच्या उजेडात राहणाऱ्या कुत्र्याचं हे गणित बिघडतं. त्याचे केस वर्षभर थोडे थोडे गळत राहतात.

जातीचाही फरक पडतो. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, पोमेरेनियन यांच्या अंगावर दोन थर असतात, वर राठ केस आणि खाली मऊ लव. हीच लव घरभर उडते. गावठी कुत्र्याचा कोट आखूड असतो, त्यामुळे पसारा कमी दिसतो. पिल्लं झाल्यावर कुत्रीचे केस महिना-दोन महिन्यांनी भरपूर गळतात. ती सावरली की तेही भरून येतात.

केस सगळ्या अंगावरून सारखे गळत असतील, कुठे टक्कल दिसत नसेल, कातडी स्वच्छ असेल आणि कुत्रा खाजवत नसेल, तर काळजीचं कारण नाही.

खाज कुठे येते, त्यावरून अंदाज

खाज, लालसरपणा, खवले, ओलसर जखम, उग्र वास, टकलाचे चट्टे यांपैकी काही दिसलं तर प्रकरण वेगळं आहे. जागेवरून बराच अंदाज बांधता येतो.

- शेपटीच्या बुडाशी आणि कमरेवर खाज : पिसवांची ॲलर्जी असण्याचा संभव जास्त.
- पंजे चाटणं, तोंड घासणं, काखा आणि पोट लाल होणं, कान वारंवार बिघडणं : धूळ, बुरशी, परागकण यांची ॲलर्जी किंवा अन्नाची ॲलर्जी. परागकणांची ॲलर्जी साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते. लॅब्रॅडॉर, पग, बॉक्सर, जर्मन शेफर्ड यांच्यात ती जास्त आढळते.
- कानाच्या कडा, कोपरं यांवर खपल्या आणि रात्रंदिवस भयंकर खाज : लूत. सूक्ष्म किड्यामुळे होणारा हा प्रकार दुसऱ्या कुत्र्याला लागतो, आणि हाताळणाऱ्या माणसालाही काही काळ पुरळ उठतं.
- गोल टकलाचे चट्टे : बुरशी, म्हणजे गजकर्ण. हेही माणसाला, विशेषतः लहान मुलांना लागू शकतं.
- खाज नाही, पण दोन्ही बाजूंनी सारखे केस विरळ होतायत, कुत्रा सुस्त आणि जाड होतोय : थायरॉइडसारखा आतला बिघाड.

यांतल्या शेवटच्या तीन प्रकारांत घरी प्रयोग करत बसणं म्हणजे आजार वाढवणं.

पहिला संशय पिसवांवर

एकही पिसू दिसत नाही, म्हणून पिसवा नाहीत असं होत नाही. एकूण पिसवांपैकी साधारण पाच टक्केच कुत्र्याच्या अंगावर असतात. बाकी अंडी, अळ्या आणि कोष अंथरुणात, सतरंजीखाली, फरशीच्या फटींत असतात. एक मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते. ज्या कुत्र्याला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी आहे, त्याला दोन-चार चावेही पुष्कळ होतात.

म्हणून नैसर्गिक उपायांतला सगळ्यांत गुणकारी उपाय बादली आणि झाडू हाच आहे. कुत्र्याचं अंथरूण आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावं. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, त्याचा एवढा तरी फायदा घ्यावा. कोपरे रोज झाडावेत. बारीक दातांच्या फणीने विंचरून निघालेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावी. ती तांबूस झाली, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

पिसवा ठरल्या की डॉक्टरांनी सांगितलेलं औषध घरातल्या सगळ्या प्राण्यांना द्यावं लागतं, एकट्या कुत्र्याला देऊन भागत नाही. घरात मांजर असेल तर आधी विचारून घ्यावं. कुत्र्यांच्या काही औषधांतलं परमेथ्रिन मांजरासाठी विष आहे.

विंचरणं : फुकटचा आणि खरा उपाय

दुहेरी कोट असलेल्या कुत्र्याला केस गळण्याच्या दिवसांत रोज, एरवी आठवड्यातून दोन-तीनदा विंचरावं. गच्चीवर किंवा अंगणात, केसांच्या दिशेने, हलक्या हाताने. जे केस घरभर पडणार होते ते फणीत येतात, खालच्या कातडीला हवा लागते, आणि गोचीड, गाठ, चट्टा लवकर नजरेस पडतो.

उन्हाळ्यात अशा कुत्र्याचं मुंडण करून टाकण्याची पद्धत मात्र चुकीची आहे. तो कोट ऊनही अडवतो. मुंडण केलं तर कातडी भाजते आणि काही वेळा केस नीट परत येत नाहीत.

आंघोळ : माणसाचा साबण नको

कुत्र्याची कातडी माणसाच्या कातडीपेक्षा पातळ असते आणि तिचं आम्लाचं प्रमाणही वेगळं, उदासीनच्या जवळ असतं. माणसाच्या साबणाने आणि शॅम्पूने ती कोरडी पडते, मग खाज सुटते. निरोगी कुत्र्याला महिन्यातून एकदा आंघोळ पुरते. ॲलर्जीच्या कुत्र्याला मात्र आठवड्याला एकदा सौम्य शॅम्पूने धुणं फायद्याचं ठरतं, कारण अंगावरची धूळ आणि परागकण निघून जातात.

कोरड्या, खाजऱ्या कातडीसाठी ओट्सचं पाणी चांगलं. साधे, बिनचवीचे ओट्स मिक्सरमध्ये पिठासारखे दळून कोमट पाण्यात कालवावेत, दहा मिनिटं अंगावर राहू द्यावेत आणि धुऊन टाकावेत. खाज काही काळ शमते. कारण मात्र तसंच राहतं.

पावसाळ्यात फिरून आल्यावर पंजे आणि पोट ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करावं. बोटांच्या बेचक्यात आणि कानात ओल राहिली की बुरशी वाढते. फरशी फिनाइलने पुसली असेल तर ती वाळेपर्यंत कुत्र्याला दूर ठेवावं. पोटावरच्या लाल चट्ट्यांचं कारण कधी कधी तिथेच सापडतं.

ताटात काय पडतं

केस म्हणजे जवळपास सगळं प्रथिनच. कुत्र्याच्या रोजच्या प्रथिनांतला २५ ते ३० टक्क्यांपर्यंतचा भाग केस आणि कातडीलाच लागतो, असं मानलं जातं. दूध-पोळीवर वाढलेल्या कुत्र्याचा कोट निस्तेज दिसतो, तो यामुळे. धान्यच धान्य असेल तर जस्तही अंगी लागत नाही आणि तोंडाभोवती, पंजांवर खपल्या धरतात.

उकडलेलं अंडं, शिजवलेलं बिनमसाल्याचं चिकन किंवा मासळी हे सोपे पर्याय. चकाकी यावी म्हणून कच्चं अंडं देऊ नये. कच्च्या पांढऱ्यातलं एव्हिडिन हे द्रव्य केसांना लागणारं बायोटिन अडवतं. शाकाहारी घरांत पनीर, शिजवलेली डाळ, उकडलेलं सोयाबीन चालतं, पण पूर्ण आहार डॉक्टरांकडून आखून घ्यावा. रविवारच्या दाल-बाफल्यातला तुपात भिजलेला बाफला मात्र कुत्र्याच्या ताटात नको. एवढ्या तुपाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

ओमेगा-३ साठी जवसाचं तेल सुचवलं जातं. माळव्यात ज्याला अलसी म्हणतात, तेच. पण जवसातलं ओमेगा-३ कुत्र्याच्या शरीरात उपयोगी रूपात फारच थोडं बदलतं. मासळीच्या तेलाचा गुण जास्त. त्यालाही आठ ते बारा आठवडे लागतात आणि मात्रा वजनावरून ठरते.

अन्नाच्या ॲलर्जीबाबत धान्यालाच दोष देण्याची रीत आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांच्या एका आढाव्यात कुत्र्यांमध्ये सर्वाधिक त्रास देणारे पदार्थ या क्रमाने निघाले : गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, चिकन आणि मग गहू. आपल्याकडच्या घरांत म्हणजे आधी दूध, दही आणि चिकन तपासायला हवं. तपासायची पद्धत एकच : पूर्वी कधी न खाल्लेला पदार्थ किमान आठ आठवडे देणं आणि त्या काळात बिस्किटाचा तुकडासुद्धा न देणं. आजोबांनी चहात बुडवून दिलेलं एक बिस्किट महिन्याभराची मेहनत वाया घालवतं.

पाला, तेल आणि हळद

कडुलिंबाचा पाला उकळून गार केलेलं पाणी आंघोळीनंतर अंगावर ओतायला हरकत नाही. सौम्य आधार म्हणून ते ठीक आहे. लूत मात्र त्याने बरी होत नाही. कडुलिंबाचं तेल निर्जळ लावू नये आणि पोटात तर मुळीच देऊ नये. खोबरेल तेल भेगाळलेल्या पंजांना बोटभर लावावं. अंगभर चोपडलं तर कुत्रा चाटतो, पोट बिघडतं, धूळ चिकटते आणि बुरशी असेल तर आणखी फोफावते. हळदीने डाग पडतात, पण ॲलर्जी बरी झाल्याचा भरवसा देता येत नाही.

हे कधीच करू नका

- रॉकेल किंवा गाडीचं जळकं ऑइल लावणं. कातडी भाजते, चाटलं तर विषबाधा होते.
- खोबरेलात कापूर कालवून लावणं. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात.
- टी ट्री तेल थेट लावणं.
- पिसवांसाठी लसूण खाऊ घालणं. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात.
- सोयाबीनवर फवारायचं कीटकनाशक पातळ करून अंगाला लावणं.
- माणसाचं खाजेचं मलम लावणं. त्यांपैकी अनेकांत स्टेरॉइड असतं. खाज दबते, आत बुरशी आणि लूत पसरत जाते.

दवाखाना कधी

घरची काळजी दोन आठवडे नीट घेऊनही खाज कमी नसेल, किंवा चट्टे, वास, पू, ताप, जेवण सुटणं यांतलं काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गोचीड अंगावर असून कुत्रा मलूल असेल तर गोचीडताप असू शकतो, तिथे एक दिवसही घालवू नये. डॉक्टर कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही तपासणी साधी आहे आणि बहुतेक गोंधळ तिथेच मिटतो. तपासणीआधीच खाजेचं इंजेक्शन मागू नये.

राज्य बदललं की शब्द बदलतात, तेवढं लक्षात ठेवावं. महाराष्ट्रात पशुवैद्यकीय दवाखाना, मध्य प्रदेशात पशु चिकित्सालय. आपली गोचीड इथे किलनी, लूत म्हणजे खुजली. उज्जैनकरांना मोठ्या तपासण्यांसाठी इंदूरजवळ महूचं १९५५ पासूनचं पशुचिकित्सा महाविद्यालय आहे, तर महाराष्ट्रातल्या वाचकांना नागपूर, उदगीर, परभणी आणि १८८६ पासून चालणारं मुंबईतलं परळचं महाविद्यालय. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा टोल-फ्री क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो.

परागकणांची ॲलर्जी कायमची जात नाही, ती आटोक्यात ठेवावी लागते. हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून माणसं उपाय बदलत राहतात, थकतात, आणि वास मारणारा कुत्रा एक दिवस लांबच्या वस्तीत सोडून येतात. उज्जैनमध्ये कालभैरवाचं वाहन म्हणून कुत्र्याला मान आहे, पण लूत लागलेलं कुत्रं दारात कोणालाच नको असतं. पाळलेला प्राणी उपासमारीच्या तोंडी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर खाज कधी वाढली, काय खाल्लं, पिसवांचं औषध कधी दिलं, एवढं लिहून ठेवावं. दवाखान्यात जाताना तो कागद बरोबर न्यावा. कुत्र्याला बोलता येत नाही. डॉक्टरांना निम्मं उत्तर त्या नोंदींतून मिळतं.