कमरेचें रिव्हॉल्वर आणि त्याची डागडुजी

इ. स. १८०३ च्या सप्टेंबरच्या २३ तारखेस केळणा व जुई या दोन नद्यांच्या बेचक्यांत असईची लढाई झाली. हें गांव आज जालना जिल्ह्यांत आहे. शिंद्यांच्या तोफांची व वेल्स्लीच्या पायदळाची कथा शाळेंतील मुलांसही ठाऊक असते. परंतु त्या दिवशीं कर्नल मॅक्सवेलच्या मागोमाग एकोणिसाव्या लाइट ड्रॅगून पलटणीचे जे स्वार दौडत गेले, त्यांच्या खोगिराशीं असणाऱ्या पिस्तुलांकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. लक्ष जाण्याजोगें त्यांत फारसें नव्हतेंही. चकमकीचें पिस्तूल एकदां उडालें कीं संपलें. भरधांव घोड्यावर बसून नळींत दारू ओतावी, गोळी ठासावी, कानाशीं रंजक घालावी, हा उद्योग कोण करणार? पावसाची एक सर आली तर पहिल्या बाराचीही हमी नसे. स्वाराची खरी भिस्त तलवारीवर.

तलवारीची निगा राखणारा कारागीर आपल्याकडे पुरातन. त्यास शिकलगार म्हणत. गंज काढणें, धार लावणें, पात्यास पाणीदार तकाकी आणणें हें त्याचें काम. तलवार जितक्या वेळां त्याच्या हातांतून जाई तितकी ती उजळे. बंदुकीचें तसें नाहीं, व रिव्हॉल्वरचें तर मुळींच नाहीं. हा फरक ध्यानांत न आल्यामुळें पुष्कळ चांगलीं हत्यारें घासून घासून निकामी झालीं आहेत.

स्कॉटलंडांतील फोर्साइथ नांवाच्या एका पाद्र्यानें १८०७ सालीं आघातानें पेटणाऱ्या दारूचें पेटंट घेतलें. त्यांतून पुढें तांब्याची टोपी निघाली, आणि चकमक काढून तेथें टोपीची योजना करून घेण्याची लाट युरोपभर आली. जुनें टाकून न देतां त्यासच नवें करावें, ही बुद्धि कांहीं केवळ आपल्याच घरांतली नव्हे. १८३६ सालीं अमेरिकेंत सॅम्युअल कोल्टनें फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचें पेटंट मिळविलें. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनांत त्यास रॉबर्ट ॲडम्स हा प्रतिस्पर्धी भेटला. कोल्टच्या हत्यारांत दर बारास अंगठ्यानें घोडा चढवावा लागे. ॲडम्सच्या हत्यारांत नुसता चाप ओढला कीं घोडा आपण चढून आपण पडे. बोमाँट नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें लौकरच या दोन्ही सोयी एकत्र आणल्या.

जालना त्या काळीं निजामाच्या राज्यांत होतें व हैदराबाद कॉन्टिन्जंट या फौजेच्या ठाण्यांपैकीं एक होतें. तिचें घोडदळ शिलेदारी पद्धतीचें. घोडा व सामान शिलेदारानें आपलें आणावयाचें, व त्याची झीजही आपल्याच पगारांतून भरून काढावयाची. या फौजेचे स्वार १८५८ सालीं सर ह्यू रोजच्या हाताखालीं मध्य हिंदुस्थानांत लढले. गोऱ्या अधिकाऱ्याचा एका बाबतींत शिलेदाराशीं मेळ होता: त्याचें रिव्हॉल्वर त्यानें स्वतःच्या पैशानें घ्यावयाचें असे. पुढें तर सरकारी काडतूस त्यांत बसलें म्हणजे झालें, घडण कोणाचीही असो. अर्थात् खिशांतून पैसे दिलेलें हत्यार मनुष्य सहसा मोडींत काढीत नाहीं.

म्हणून १८६८ सालची घटना महत्त्वाची. धातूचीं काडतुसें निघाल्यावर टोपीचीं रिव्हॉल्वरें जुनाट ठरलीं. तेव्हां रॉबर्टचा भाऊ जॉन ॲडम्स यानें जुन्या बोमाँट-ॲडम्सला आरपार छिद्रांचें नवें चक्र, बाजूस काडतूस भरण्याची झडप व रिकामें टरफल ढकलण्याची काडी बसवून दिली, आणि ब्रिटिश सैन्यानें हा फेरफार मान्य केला. नळी जुनी, सांगाडा जुना, पण शस्त्र नव्या युगाचें! पुढें १८८७ त वेब्लेचें मधोमध मोडणारें रिव्हॉल्वर आलें. तें उघडतांच सहाही टरफलें एकदम बाहेर पडत.

निगेची खरी परीक्षा आपल्या पावसाळ्यांत. काळ्या दारूची राख व टोपींतील क्षार हवेंतील ओल ओढून घेतात आणि एका रात्रींत नळीस गंज धरवितात. त्यावर जुना उपाय म्हणजे कढत पाणी: क्षार पाण्यांत विरतो, तेलांत विरत नाहीं. तापलेली नळी चटकन सुकते, मग तेलाचा हलका हात. जास्त तेल धूळ धरतें. चामड्याच्या घरांत हत्यार महिनोगणती ठेवणें तर सर्वांत वाईट, कारण चामडें ओल सोडीत नाहीं. आंतल्या भागांस कानस व सहाणेपासून दूरच ठेवलेलें बरें. चक्राचें प्रत्येक छिद्र बार उडतेवेळीं नळीच्या नेमकें समोर यावें लागतें. अडकवणारा खटका झिजला, कीं गोळी नळीच्या कडेवर घासते व शिशाचे कपचे बाजूस उडतात. शिकलगाराची तकाकी येथें घातक होते.

रोज बाळगण्याच्या सोयीसाठीं केलेले फेरफारही फुकट पडत नाहींत. १९३८ सालीं एन्फील्ड रिव्हॉल्वरच्या घोड्याचें वरचें टोंक कापण्यांत आलें, कारण रणगाड्याच्या अरुंद पोटांत तें अडके. अडकणें थांबलें, पण अंगठ्यानें घोडा चढवून नेम धरण्याची सोयही गेली, आणि जड चाप ओढतांना हात हाले. १९४२ त युद्धाच्या घाईनें घोड्यास अडविणारा सुरक्षेचा खटकाच गाळला. असलें रिव्हॉल्वर घोड्यावर आपटून पडलें तर आपोआप उडूं शके. युद्ध संपल्यावर त्यांपैकीं बहुतेकांस तो खटका पुन्हां बसवावा लागला. शत्रूपेक्षां धन्यासच भिववणारें हत्यार कोणी कमरेस लावावें?

कोल्टच्या काळचे शहाणे लोक घोड्याखालचें एक घर रिकामें ठेवीत, तें याच भयानें.

कायद्यानेंही या कारागिरीवर नजर ठेविली. ब्रिटिश हिंदुस्थानच्या १८७८ च्या कायद्यानें परवान्यावांचून शस्त्र घडविणें, त्यांत फेरफार करणें व तें विकणें मना केलें. १९५९ च्या कायद्यांत धंदा म्हणून दुरुस्ती करण्यासही परवाना लागतो, आणि नळी आंखूड करणें परवान्यावांचून गुन्हा आहे. सैन्याच्या काडतुसांशीं जुळणारीं मापें नागरिकांस वर्ज्य असल्यामुळें कानपूरच्या सरकारी कारखान्याचें नागरिकांसाठींचें रिव्हॉल्वर .३२ मापाचें असतें. २०१९ च्या दुरुस्तीनें एका व्यक्तीस दोनच शस्त्रांची मुभा राहिली. ज्यांच्याकडे तिसरें होतें, त्यांना तें वर्षाच्या आंत पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचें होतें. मग तें आजोबांचें कां असेना.